दारावरचं लाल चिन्ह

प्रिय बोक्सिल,

तुझा फोटो पाहिला आणि आधी मी मोठ्यानं हसले. डोक्यावर टोपी काय, केसांचे कुरळे वळसे काय! चेहरा मात्र तोच, कागदाच्या भट्टीत साली उकळायला लागल्या की नाक मुरडणारा. टोपी डाव्या कानावर ओढून घेतली आहेस. फोटो काढणाऱ्याला ती होनोलुलूची फॅशन वाटली असेल. मला ठाऊक आहे ती का ओढलीस ते.

तुझे यजमान गेल्याचं वाचून वाईट वाटलं. भला माणूस होता म्हणतेस, आणि तू सहसा कुणाला भला म्हणत नाहीस. पुढं लिहिलं आहेस की उसाच्या मळ्यावरचं घर सोडून या शरदात बोटीनं कायमची गावी येते. ती ओळ वाचल्यापासून मी किती वेळा लिहायला बसले आणि कुणाची तरी बाळंतपणाची हाक आली म्हणून उठले. खरं सांगते, हाक नसतानाही उठले. आज सगळं लिहूनच उठणार आहे. तू सावकाश वाच.

आधी चांगली बातमी. आपली संस्था कायद्यात आली गं! वसंतात सोलमध्ये विधानसभेनं रेडक्रॉसचा कायदा केला. साऱ्या देशात एकच संस्था. तिच्या नावावर जागा घेता येईल, देणग्या गोळा करता येतील, नर्सा तयार करता येतील. पूर, आग, साथ आली तर मदतीला जायचा तिला अधिकार, आणि लढाईत जिनिव्हाच्या कराराला धरून जखमींची शुश्रूषा करायचाही. ते लाल चिन्ह दुसऱ्या कुणी भलत्या कामाला लावलं तर शिक्षा. मी चुलीपुढं बसून वर्तमानपत्र वाचत होते. भात करपून काळा झाला आणि मला वासही आला नाही.

कारण मला तो पोलीस ठाण्यातला दिवस आठवत होता. तुलाही आठवत असेलच, पण आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. तुरुंगातून सुटल्यावरही नाही आणि तू जहाजावर चढलीस तेव्हाही नाही. बाजाराच्या दिवशी लोकांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या, जपान्यांनी गोळ्या घातल्या, आणि आपण तुझ्या तोंगूदादाला हातगाडीवर टाकून, वर तुतीच्या साली रचून भट्टीच्या माळ्यावर नेलं. मांडीतली गोळी काढायला डॉक्टर मिळेना, कारण गोळीची जखम दिसली की ठाण्यात कळवायचं, नाहीतर डॉक्टरच आत, असा हुकूम होता. मग तू सुरी तापवलीस आणि मी त्याचे पाय धरले. तो किंचाळू नये म्हणून तोंडात चिंधी कोंबली होती. तेव्हा आपण शाळेतल्या पोरी होतो. पट्टी बांधणं शिकलो होतो ते मेंगबाईंच्या वर्गात, एका उशीवर!

उन्हाळ्यात मेंगबाईच निरोप घेऊन आल्या. शांघायमध्ये आपल्या माणसांनी परक्या मुलखात सरकार मांडलंय आणि त्या सरकारनं आपली रेडक्रॉस पुन्हा उभी केलीय. सम्राटांच्या हुकमानं निघालेली जुनी संस्था जपान्यांनी मोडली होती ना, तीच. आपण माळ्यावर, दादाच्या उशाशी शपथ घेतली. दादा म्हणाला, "म्हणजे आता मी चोरून पडलेला नाही, दवाखान्यात पडलोय!" त्याही अवस्थेत त्याला चेष्टा सुचत होती.

मग तो छे बोंग्यू आला, आपल्याच गावचा, पण जपान्यांच्या पोलिसात गेलेला. जपानी शिपायांना भट्टीची मागची वाट कधी सापडली नसती. ती त्यानं दाखवली, कारण लहानपणी तो तिथंच लपाछपी खेळायचा. दादाची मांडी अजून भरली नव्हती. छेनं त्याला त्याच पायाला धरून जिन्यावरून ओढला. डोकं पायरीपायरीवर आपटत होतं. रस्त्यात जखम उघडली आणि रक्ताची धार लागली. तू धावलीस, दोन्ही हातांनी दाबून धरलंस. छे म्हणाला, "ए पोरी, हात काढ. तू कोण लागून गेलीस?" तू म्हणालीस, "मी रेडक्रॉस आहे." तो हसत हसत जपानी अधिकाऱ्याकडं वळला, त्याला ते भाषांतर करून सांगितलं, आणि अधिकारीही हसला. मग छेनं विचारलं, "कोणत्या कायद्यानं?" तू हात काढला नाहीस. त्यानं बंदुकीचा दस्ता तुझ्या कानावर घातला. एकदा, मग पुन्हा. दादा त्याच रस्त्यावर संपला. सारा बाजार बघत होता आणि कुणाला पुढं येऊ दिलं नाही.

ठाण्यात तेच विचारत राहिले. माझ्या नाकात तिखटाचं पाणी ओतायचे आणि विचारायचे, कोणत्या कायद्यानं? मला उत्तर येत नव्हतं. तू पलीकडच्या खोलीत होतीस. तुझा आवाज बंद झाला तेव्हा मला वाटलं, मेलीस.

म्हणून भात करपला.

पुढचं ऐक. आपल्या गावी शाखा निघाली. शाळेच्या पटांगणात सभा झाली. मला व्यासपीठावर बोलावून कायदा वाचायला लावला, जुनी सभासद म्हणून. वाचता वाचता समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत, मध्यभागी, छे बोंग्यू. अंगानं सुटलाय, केस पांढरे झालेत, आणि आता आपल्याच सरकारचा पोलीसप्रमुख आहे. जपानी गेले, खुर्च्या राहिल्या आणि खुर्च्यांवरचे लोकही राहिले. सभेनंतर येऊन म्हणतो, "छान वाचलंत बाई. आवाज खणखणीत आहे." मला त्यानं ओळखलं नव्हतं. माझ्या बाळंतघराला शाखेनं मदतकेंद्र केलं. दारावर पांढऱ्या पाटीवर लाल चिन्ह रंगवलं. ती पाटी मी स्वतः ठोकली.

बोक्सिल, इथं काय चाललंय ते तिकडच्या पेपरात कितपत येतं? चिरीच्या डोंगरात बंडखोर बसलेत. रात्री ते खाली येऊन धान्य नेतात, दिवसा पोलीस वर जाऊन ज्यांचं धान्य गेलं त्यांनाच मारतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला छेच्या माणसांनी वरची वाडी पेटवली. बाप्यांना खळ्यावर उभं करून गोळ्या घातल्या. मल्सुन नावाची एक बाई जळत्या घरातून सासूला ओढताना भाजली. सासू गेलीच. मल्सुनला माझ्याकडं आणलं तेव्हा तिच्या पाठीचं कातडं ओल्या कागदासारखं सुटून आलं होतं. नवरा त्याच खळ्यावर पडलेला. ती रडत नव्हती. फक्त विचारायची, "मावशी, त्याला पालथं पाडलं की उताणं? कुणी पाहिलं का?"

छे तिला न्यायला आला. म्हणाला, "डोंगरवाल्याची बायको आहे. चौकशी करायचीय." मी दारात उभी राहिले. म्हटलं, "साहेब, पाटी पाहिलीत का? ही आत पडलेली बाई ना तुमची, ना डोंगराची. ती जखमी आहे. कायदा तुम्हीच पहिल्या रांगेत बसून ऐकलात." त्यानं पाटीकडं बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी सोलहून आलेला एक वार्ताहर रस्त्यापलीकडं उभा होता, हेही खरं. शेवटी म्हणाला, "आज कायदा तुमच्या बाजूला आहे, बाई." आणि गेला. मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर आलं होतं.

आता जे लिहायला हात उचलत नाही, ते लिहिते.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी डोंगरवाल्यांनी पोलीस चौकीवर हल्ला केला. चौकी जाळली, आत होते ते बहुतेक मेले. कुणीतरी छेला बैलगाडीत घालून माझ्या दारात टाकला आणि पळून गेला. मांडीत गोळी. रक्त थांबत नव्हतं. मी क्षणभर पाहत उभी राहिले, बोक्सिल. त्या क्षणात काय काय मनात आलं ते तुला सांगायची गरज नाही. मग वाकले आणि दाबून धरलं.

गोळी काढताना मी त्याला सांगितलं, मी कोण ते. तुझं नाव सांगितलं, दादाचं सांगितलं. तो दात आवळून वेदना सोसत होता. म्हणाला, "त्या काळात पोरी पुष्कळ होत्या हो. कुठली कुठली लक्षात ठेवू?" खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

तोवर दारात गर्दी जमली. विळे, काठ्या, मुसळं. सगळ्यांत पुढं मल्सुन. पाठ अजून ओली होती तिची. टोफूवाला ओरडला, "मावशी, बाहेर काढ त्याला!" मी म्हटलं, "तो जखमी आहे. पाटी सगळ्यांसाठी आहे." तो म्हणाला, "कायद्यात लढाईतले जखमी म्हटलंय. हा कसला लढणारा? कुत्रा आहे. कुत्र्यासाठी कुठलं कलम आहे, वाचून दाखव!" लोक हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. मल्सुन मात्र हसली नाही. म्हणाली, "मावशी, तुझ्या मैत्रिणीचा कान कुणी फोडला ते गावाला माहीत आहे. बाजूला हो, तुझंही काम होईल." मी म्हटलं, "तुला न्यायला हाच आला होता तेव्हा मी बाजूला झाले नाही. आज तुझ्यासाठी झाले तर त्या दिवशीचं माझं बोलणं खोटं होतं." ती म्हणाली, "होऊ दे खोटं."

आणि ती घुसली. विळा माझ्या हातावर लागला, तो व्रण आता आहेच. ती त्याच्या अंगावर बसली, पहिला घाव खांद्यात घातला, दुसरा मानेवर घालायला हात वर नेला. मी शेगडीवरची लोखंडी किटली उचलली आणि सगळं बळ लावून तिला हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. गळ्याजवळचं. ती खाली पडली आणि माझ्याकडं बघत राहिली. गर्दीतलं कुणी पुढं आलं नाही. एकेक जण निघून गेला.

मी दोघांच्याही जखमा बांधल्या. खोली एकच, मध्ये फक्त पडदा. तिचं हाड बसवताना मी रडत होते. ती म्हणाली, "रडू नकोस मावशी, हात हलतो तुझा."

दुपारी सैनिक आले. अधिकारी तरुण होता. छेच्या खांद्याकडं बघून त्यानं विचारलं, "हा विळ्याचा घाव कुणी घातला?" मी म्हटलं, "इथं फक्त रोगी आहेत." त्यानं छेला विचारलं. छेनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. मी पुन्हा दारात उभी राहिले, पुन्हा तेच सगळं सांगितलं, कलम, चिन्ह, जिनिव्हा. त्या पोरसवदा अधिकाऱ्यानं मला सभ्यपणे खांद्याला धरून बाजूला केलं, एखादी खुर्ची सरकवावी तसं. बाहेर वार्ताहर नव्हता. मल्सुनला पट्टीत बांधलेल्या हातानिशी नदीकाठी नेलं. मी मागं धावले. वाळूत गुडघ्यावर बसवलं तिला. तिनं मागं वळून कुणाकडं पाहिलं नाही. दोन गोळ्या झाडल्या. ती पालथी पडली.

छे बोंग्यू बरा झाला. काठी घेऊन चालतो. त्यानं मला सफरचंदांची पेटी पाठवली. मी ती डुकरांना घातली. लोक आता माझ्याकडं बाळंतपणाला येतात, पण बोलत नाहीत. मुलाला पुसून आईजवळ दिलं की डोळे दुसरीकडं वळवतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही.

तर बोक्सिल, तुझ्या दादाला मारणारा माणूस जिवंत आहे तो माझ्या हातानं. तू बोटीतून उतरून बाजारात गेलीस तर तो तुला समोर दिसेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, मीच सांगावं, एवढ्यासाठी लिहीत होते. पण आणखी एक आहे, आणि घाई त्याचीच आहे. मागच्या आठवड्यात मी न्यायालयात तक्रार दिली. चिन्हाखालून रोग्याला ओढून नेलं आणि मारलं म्हणून त्या अधिकाऱ्यावर, आणि दाखवून दिलं म्हणून छे बोंग्यूवर. वकील म्हणाला, "बाई, या कायद्यात एवढी ताकद नाही." मी म्हटलं, "वापरल्याशिवाय ती येणार कुठून?" तेव्हापासून समोरच्या दुकानापाशी दोन अनोळखी माणसं बसून असतात. मी तक्रार मागं घेणार नाही. बोट पुसानला लागेल त्या दिवशी मी धक्क्यावर उभी असेन, पांढरा झगा घालून, म्हणजे लांबून ओळखशील. मी दिसले, तर माझ्याशी भांड, मला मार, पण माझ्याकडं ये. आणि दिसले नाही, तर कुणाला माझं नाव विचारू नकोस, गावाकडची गाडी धरू नकोस, त्याच बोटीनं परत जा.

तुझीच,
हेरान