नूडल सापाचा पहिला घास

उझैर,

"अम्मी, फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात गरम कर, चिमट्याने समोर धर आणि बघत राहा," असं सांगून तू कॉलेजला गेलास. तुझ्या नूडलने आज तिसऱ्या गुरुवारीही तोंड फिरवलं. मग आठवलं, लहानपणी कोणी बघत असलं की तुझाही घास उतरत नसे. उंदीर नूडलच्या काचेच्या पेटीत ठेवला, काचेवर ओढणी टाकली, त्याच्या वतीने बिस्मिल्लाह म्हटलं आणि माझा रोजा सोडायला बसले. नमाज पढून पाहते तर उंदीर खलास! सापाचं पोट टम्म!

दोन दिवस त्याला उचलू नकोस.

तो जेवला तर त्याला घरात ठेवायला अब्बांना मीच राजी करीन, असा शब्द तुला दिला होता. खिरीचा डबा घेऊन त्यांच्या दुकानावर निघालेय.

अम्मी