मधल्या प्लेटचे बोल्ट

१२ नोव्हेंबर २०२४

गाडी दुपारीच बोरगावच्या पार्किंगला लागली होती. चेतन सौंसरला घरी पोचला तेव्हा दिवे लागून गेले होते. इतका वेळ काय केलं विचारलं तर म्हणे, "बोल्ट कसत होतो."

मला काय माहीत नाही? लग्न होऊन आली तेव्हा मी समजत होती की ट्रेलर म्हणजे एकच लांब गाडी. त्यानंच दाखवलं होतं — पुढचा इंजिनचा भाग वेगळा, त्याला हे लोक घोडा म्हणतात. मागचा ट्रेलर वेगळा. घोड्याच्या पाठीवर जाड लोखंडी प्लेट, ट्रेलरची पिन तिच्यात अडकते. आणि ती प्लेट घोड्याला बोल्टांनी बसवलेली. "हे ढिले झाले ना उर्वशी, तं मी इकडं अन् माल तिकडं."

श्रुती व्हायच्या आधी मी गाडीत सोबत फिरत होती. तो पाना ओढायचा, मी बॅटरी धरायची. कसून झालं की प्रत्येक बोल्टावरून खालच्या प्लेटपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला समजायचं. चहा निवायच्या आत काम उरकत होतं.

आता अख्खी दुपार लागते?

म्हणे, दिवाळीत नागपूरला नवी प्लेट बसवली, नवी प्लेट बसेपर्यंत बोल्ट ढील देतात, पुन्हा पुन्हा कसावे लागतात. असेल. पण मला पटलं नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळी निघताना म्हणाला, "येतेस का बोरगावले? थोडं हाताखाली लागशीन."

गिऱ्हाइकाचे लग्नाचे ब्लाउज शिवून द्यायचे होते. मशीनवरून मान न उचलता मी म्हणाली, "मी काय तुमची क्लीनर हाय?"

हसला नाही. चिडलाही नाही. डबा घेऊन निघून गेला.

२१ नोव्हेंबर

बोलणं बंद. श्रुतीच्या हाती निरोप जातात — बाबांना सांग जेवण वाढलं, आईला सांग मी निघालो.

२४ नोव्हेंबर

प्रमिलाताई फॉल लावायला साडी घेऊन आल्या. त्यांचे यजमान गौतमभाऊ चेतनच्याच मालकाची दुसरी गाडी चालवतात. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊजीची गाडी सकाळपासून पार्किंगमधेच उभी हाय म्हणे." अगदी सहज.

सकाळपासून. आणि श्रुतीजवळ सांगून गेला की माल भरून लगेच निघायचं आहे.

जे मनात आलं ते इथंही लिहायची लाज वाटते. कोणी आहे का बोरगावला? पाना ओढायला तिला नेतो का? मूर्खासारखं. तरी साडीचा फॉल दोनदा उसवला.

३० नोव्हेंबर, पांढुर्णा

माहेरी अनिलदादाच्या मुलीचा साखरपुडा. चेतन आला नाही. सगळे विचारत होते, जावई कुठं? मी हसून हसून सांगत राहिली, लोड आहे, लोड आहे.

मग मागच्या अंगणात जाऊन फोन लावला. "तुम्हाले घर नकोसं झालं हाय तं तसं सांगा."

"गाडी चालवून राहिलो, उर्वशी. मंग बोलतो."

"मंग कधी? तुमचा मंग कधी येतच नाही."

त्यानं फोन ठेवला नाही. मीच ठेवला. वहिनी पुरणपोळी घेऊन मागे उभी होती. तिनं ऐकलं असेल.

२ डिसेंबर

बोटं सोलली, पेन धरवत नाही. पानाच ओढला ना आज.

दुपारच्या बसनं पांढुर्ण्याहून निघाली. जामसांवलीच्या फाट्याच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला त्याची गाडी उभी दिसली. निळा घोडा, मागे पाइप भरलेले. कंडक्टरला म्हणाली, थांबवा. आज पकडतेच, असं म्हणून उतरली. खरंच, हाच शब्द मनात होता.

गाडीजवळ कोणी बाई नव्हती. चेतन एकटा, घोडा अन् ट्रेलरच्या मधल्या फटीत घुसलेला. लांब पान्यावर पाइप चढवला होता आणि डाव्या हातानं, छातीनं, सगळं अंग टाकून तो दाबत होता. उजवा हात बाजूला लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. पाना सटकला. त्याचं कपाळ लोखंडावर आपटलं. शिवी नाही दिली. पान्यावर डोकं टेकवून तसाच राहिला.

"काय झालं हाताले?"

दचकला. पहिले बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काई नाई. झोपलो असन वाकडा."

"खरं सांगा."

पाना खाली ठेवून म्हणाला, "उन्हाळ्यापासून होऊन राहिलं. खांद्याच्या वर जातच नाई. जोर लावला तं लागतच नाई."

"मले कायले नाही सांगितलं?"

"विचारलं होतं ना. येतेस का म्हणून."



पिशवी टायरपाशी ठेवली, पदर खोचला, पाना घेतला. दोन बोल्टांच्या रेघा तुटल्या होत्या. एकाच्या बुडाशी लाल भुकटी दिसत होती — लोखंड घासलं की तशी गळते. जसा तो सांगत गेला तशी ओढत गेली. "झटका नको देऊ. सावकाश. अंग मागं टाक." बोल्ट पुरेसा आवळला की टॉर्कचा पाना कट् करून वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यानं पुढच्या बोल्टाकडं बोट दाखवलं. सगळे झाल्यावर मी नव्या रेघा ओढल्या.

"डॉक्टरकडे चला," मी म्हणाली.

"डॉक्टर गाडी बंद करन. मालकाले समजलं तं दुसरा ड्रायव्हर बसवन उद्याच."

"अन् गाडी चालवता कशी?"

"स्टेअरिंग पॉवरचं हाय. बोटानं फिरते." हसला. कपाळावर रक्ताची बारीक रेघ. "त्रास फक्त बोल्टांचा हाय."

मी मानलं.

५ डिसेंबर

मालिशचं तेल आणलं. मी चोळून देते. तो म्हणतो, आराम आहे.

११ डिसेंबर

आता ठरलंच आहे. बोरगावहून माल भरून निघाला की फोन करतो, मी शिलाई बाजूला ठेवून फाट्यावर जाते. कसून झालं की तिथंच झाडाखाली डबा उघडतो. आज संत्री होती. एका हातानं सोलता येत नाही म्हणून मी सोलून दिली. रस्त्यानं जाणारे पाहत होते. पाहू दे.

श्रुती म्हणाली, "आई, तू आजकाल गाणं म्हणून राहिली काम करताना." मला माहीतही नव्हतं.

२० डिसेंबर

त्याला म्हणाली, तुमच्यापेक्षा जल्दी होतं माझ्यानं. म्हणे, "खरं हाय. मालकाले सांगतो, तुले ठेव अन् मले काढ." किती वर्षांनी असं बोललो आम्ही. मला तर वाटलं, लग्नानंतरचे ते दिवसच परत आले.

डॉक्टरचं पुन्हा काढलं. म्हणाला, संक्रांत होऊन जाऊ दे.

मीही फार ताणलं नाही. का नाही ताणलं?

९ जानेवारी २०२५

एकही रेघ तुटलेली नव्हती. प्लेट बसली वाटतं एकदाची. तरी मी सगळ्यांवर पाना लावून पाहिला. देवळाच्या पायरीला लावतात तसा त्यानं घोड्यावर हात टेकवला, डावा, आणि निघाला. पांढुर्ण्याच्या रोडवर वळेपर्यंत मी उभी होती.

१७ जानेवारी

संक्रांत झाली. डॉक्टर झाला नाही. तो आठवडाभरापासून कमी बोलतो. विचारलं तर "थकलो" म्हणतो. थंडीही आहे.

९ फेब्रुवारी

मी त्याची पाठ चोळून देत होती. श्रुती पाहून म्हणाली, "बाबा, तुमचा हा हात बारीक कसा झाला?"

मी रोज चोळत होती तो हात. मला नाही दिसला. तिला एका नजरेत दिसला. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले — उजव्या दंडाचं मांसच गेलं आहे.

मी म्हणाली, उद्या नागपूर. तो नाही म्हणाला नाही. म्हणूनच भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, नागपूर

फोटो, तपासण्या होऊन आज कळलं, खांद्याचं नाहीच. मानेच्या मणक्यातली गादी सरकली, हाताकडे जाणारी नस दबून राहिली आहे. किती महिन्यांपासून, देव जाणे. ऑपरेशन लागेल. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, "आहे तेवढं वाचवता येईल. गेलेला जोर पूर्ण परत येईल असं मी सांगत नाही. आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती." मग विचारलं, काम काय करता?

"ट्रेलर चालवतो."

पेन खाली ठेवला त्यांनी. "या हातानं? आणि घरचे काय म्हणत होते?"

चेतन माझ्याकडे पाहणार, असं मला वाटलं. तो जमिनीकडे पाहत होता. म्हणाला, "घरच्यांनी लय केलं, मॅडम."

लय केलं. त्याचा हात आजारी आहे हे मी विसरली आणि स्वतःच त्याचा हात होऊन बसली. मी पाना उचलला नसता तर त्याला डिसेंबरातच थांबावं लागलं असतं. बोल्टांनीच थांबवलं असतं त्याला.

बाहेर बाकावर बसून त्यानं मालकाला फोन केला. स्वतःच. "चाबी गौतमपाशी देतो. दुसरा माणूस पाहून घ्या." आवाज जराही हलला नाही.

१५ फेब्रुवारी

विशाल म्हणून नवा ड्रायव्हर आला. बोरगावच्या पार्किंगमधे चेतननं त्याला प्लेट दाखवली. पोरगा चांगला आहे, लक्ष देऊन ऐकत होता. "रेघ तुटली दिसली तं पुढं जाऊ नको. माल उशिरा पोचला तं चालन." बोलता बोलता बोल्ट दाखवायला उजवा हात उचलायला गेला. अर्ध्यावरून खाली आला. विशालनं दुसरीकडे पाहिलं.

२७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. दुखणं कमी आहे. बोटं हलतात. मूठ वळत नाही.

४ मार्च

आज चेतन आपणहून बोलला. मी भात कालवून देत होती.

म्हणाला, जानेवारीत एकदा, मी सगळे बोल्ट पाहून त्याला वाटेला लावून दिलं त्याच दिवशी, पांढुर्ण्याच्या पुढं उतारावर हात सुन्न झाला आणि स्टेअरिंगवरून सुटला. डाव्यानं सावरेपर्यंत गाडी पलीकडच्या बाजूला गेली होती. समोर ऑटो होता. शाळेची पोरं. ऑटोवाला शेतात उतरला म्हणून वाचली. त्यातल्या एका पोरीनं याला टाटा केला, तिला वाटलं गंमत आहे.

"अन् त्याच्यानंतरही महिनाभर चालवली तुम्ही? मले कायले नाही सांगितलं?"

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "तू फाट्यावर येऊन राहिली होती ना. खुश होती."