समाधान कुणाचं?

मंगळवार, लोहा

नांदेडहून बैठक करून आले, पण डोकं अजून तापलेलंच आहे. बसमध्ये थांब्याचं नाव मोठ्यानं सांगा, हे आज अंधांच्या सल्लागार समितीत मी तिसऱ्यांदा बोलले. शेवटी कार्यालयातल्या बाबूनं माझं बोट धरून बैठकीच्या इतिवृत्ताच्या कागदावर टेकवलं. "इथं सही करा, मॅडम."

"आधी वाचून दाखवा."

"नेहमीचंच हाय."

"वाचा!"

त्यानं वाचलं, "सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केलं." समाधान! म्हणजे मागच्या दोन वेळेलाही मी ह्याच्यावरच सही केली? विचारलं कसं नाही मी?

समितीचे अध्यक्षसाहेब म्हणाले, "उगं कशाला ताणून राहिल्या?"

मी उठलेच नाही. बाबूनं ती ओळ खोडली, माझी मागणी लिहिली, दोनदा वाचली. मग मी सही केली, पूर्ण नावानिशी.