शेणाची टॅब

सोमवार, २ जून
आजपासून रोजनिशी मोबाईलमध्ये. आपण बोलायचं, अक्षरं तो उमटवतो. शुद्धलेखनही तोच बघतो. वही बंद.

संकल्प : प्रकाशन डिजिटल करणे. कित्येक वर्षं आमचं गाईड शिवाजी पेठेतल्या या दुकानातून जिल्हाभर जातंय. आता पोरं उत्तरं मोबाईलला विचारतात आणि मास्तर पीडीएफ ग्रुपवर टाकतात. मलकापूरच्या एका मास्तरांनी तर काल आमच्याच गाईडची पीडीएफ मलाच फॉरवर्ड केली. 'अत्यंत उपयुक्त' असं खाली लिहिलं होतं. मी अंगठा दिला. आपला माल अजून चालतो, एवढं नक्की.

गुरुवार, ५ जून
आक्का गडहिंग्लजहून आली. जन्म मास्तरकीत गेला, आता रिटायर आहे. तिसरीच्या वाचनपुस्तकाचे धडे हाताने लिहून आणलेत. एक धडा आमच्या आईवर. आई लोकांच्या गोठ्यातलं शेण काढायची, पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर टाकायची. त्यावर आम्ही दोघं शिकलो. आक्का म्हणाली, बाकीचे धडे नाही छापलेस तरी चालेल. एस.टी.त चढताना पुन्हा म्हणाली, "आईचा धडा तेवढा नीट बघ, विजू."

आता बघायचं काम कॉम्प्युटर करतो, हे तिला कोण सांगणार?

रविवार, ८ जून
सगळ्या पानांचे फोटो काढले, कॉम्प्युटरने मजकूर करून दिला. डीटीपीवाल्याची गरज संपली.

एक अडचण. पानोपानी पाटी. पाटीवर लिहा, पाटी पुसा, पाटी दप्तरात ठेवा. आजच्या पोरांनी पाटी बघितलीय कुठं? 'पाटी'च्या जागी 'टॅब' घाला, असा कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला. अख्खं पुस्तक डोळ्यादेखत एकविसाव्या शतकात आलं.

पूर्णिमा म्हणाली, छापायला देण्याआधी एकदा वाचून बघा की. बायकोला काय सांगायचं? वाचत बसल्यामुळेच आपला धंदा मागं पडला.

शनिवार, १४ जून
पुस्तक आलं. प्रत्येक धड्याला क्यूआर कोड. स्कॅन केला की कॉम्प्युटरची बाई धडा वाचून दाखवते. उघडून बघायला सवड झाली नाही, कव्हर स्टेटसला टाकलं. मुख्याध्यापिका शमशाद मॅडमनी त्यांच्या शाळेत प्रकाशनाला बोलावलंय. शाहू जयंतीला. आक्काला फोन करून खास साडी नेसून यायला सांगितलं.

गुरुवार, २६ जून
लिहू नये असं वाटतंय.

शमशाद मॅडमनी आक्काचा सत्कार केला. मग मी उठलो, भविष्यावर बोललो, आणि स्मार्ट बोर्डावर आईचा धडा लावला. बाई वाचायला लागली. "धोंडुबाई टॅबल रोज पहाटे उठत. डोक्यावर शेणाची टॅब घेऊन त्या वाड्यावस्त्यांतून फिरत."

आधी मला वाटलं स्पीकर खराब आहे. मग कळलं. पाटीलमध्येही पाटी असते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाटील, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. बटण दाबलं तर बाई थांबायच्या ऐवजी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मास्तर मंडळी रुमालात तोंड घालून बसली. पोरं मात्र हसली नाहीत. त्यांना सगळं खरं वाटत होतं. सदफ नावाच्या मुलीने हात वर करून आक्काला विचारलं, "आजी, शेणानं टॅब खराब व्हत नव्हती काय?"

आक्का तिच्याकडे बघून हसली. माझ्याकडे बघितलं नाही. चहा न घेता स्टँडवर गेली.

शुक्रवार, २७ जून
चूक सॉफ्टवेअरची आहे. मी फक्त बटण दाबलं.

दुपारी दुकानात एक पार्सलवाला आला. "टॅबल साहेब हितंच बसत्यात काय, पावणं?" त्याला कुणीतरी बाहेर तसंच सांगितलं असणार. मी व्हय म्हणालो आणि सही केली. तो गेल्यावर शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

रविवार, २९ जून
आक्काची माफी मागायची ठरवली. शब्द सुचेनात म्हणून कॉम्प्युटरकडून लिहून घेतली. फार सुंदर लिहिली त्याने. 'आदरणीय भगिनी, आपल्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो.' पाठवून दिली.

संध्याकाळी तिचाच फोन. विचारत होती की हे कुठल्या हापिसातून आलंय. मग म्हणाली, "आईच्या डोक्यावर पाटी हुती, विजू. ती तेवढी परत ठेव."

फोन ठेवून मी रडलो. पूर्णिमाने बघितलं.

मंगळवार, १ जुलै
संकल्प : मशीन नाही. शाळेतून, दुकानातून सगळ्या प्रती गोळा केल्या. आईच्या धड्यातला प्रत्येक 'टॅब' पेनाने खोडून वर स्वतःच्या हाताने दुरुस्ती. 'टॅबल'चं 'पाटील'ही. पूर्णिमा म्हणाली मीही बसते. तिला नको म्हणालो. हे माझं मलाच करायचंय. बोटं दुखतात, पण आईच्या जवळ बसल्यासारखं वाटतंय.

शनिवार, ५ जुलै
काम संपलं. एक प्रत घेऊन गडहिंग्लजला गेलो. आक्काने चष्मा लावून धडा वाचला. माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, चला, आक्का निवळली.

मग तिने टेबलावरचा लाल पेन उचलला.

"पाटीतली टी दीर्घ असती, विजू. तू ऱ्हस्व काढलीयास." दुरुस्त करून पुस्तक माझ्या हातात दिलं, आणि जेवायला वाढते म्हणाली. पुढे पाटीलही तसाच होता.

परतीच्या एस.टी.त आहे. दुकानातल्या सगळ्या प्रतींत मी ऱ्हस्वच काढलीय.