एकटीपुरतं जेवण

प्रिय ठकी,

तुझं पत्र मिळालं. दुकान उघडायच्या आधी गल्ल्यावर बसून वाचलं, आणि मग तुझ्या बाबांना वाचून दाखवलं, त्यातली चक्कर येऊन पडल्याची ओळ गाळून. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवताना तू काउंटरवरच कोसळलीस आणि मालकीणबाईंनी तुला साखरपाणी पाजलं, हे वाचून मला तुझी दया यायला हवी होती. आधी राग आला. खाण्याच्या दुकानात वाढलेली मुलगी उपाशीपोटी चक्कर येऊन पडते, हे इथल्या लोकांना कळलं तर आमचं नाक कापलं जाईल, हा पहिला विचार. दुसरा विचार तुझा होता. जसे आले तसे सांगितले. शेवटी तू विचारलं आहेस, की महिना संपला की दोन पिशव्या उचलून घरी येऊ का, माझी खोली रिकामीच आहे ना. त्याचं उत्तर देते, पण आधी तुझ्या पोटाचं बघू. चहा-बिस्किटांवर माणूस जगत नाही, आणि उत्तर ऐकायला अंगात जरा ताकद लागते.

तू लिहितेस, की संध्याकाळी दमून येते, मग भाजी आणायची, निवडायची, चिरायची, आणि खाणारी मी एकटी, अर्धी भाजी सडून जाते. ठके, हे रडगाणं दुसऱ्या कुणापुढे गायली असतीस तर खपलं असतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून आपल्या दुकानात गोठवलेली भाजी, मासे आणि डबाबंद माल विकला जातो. तू चालायला शिकलीस ती डीप फ्रीजरची कड धरून. आणि तुलाच कळू नये, की एकट्या माणसाला याहून सोयीचं अन्न नाही? मूठभर काढावं, बाकीचं परत ठेवावं. पण तुला या मालाची पहिल्यापासून लाज. चेपलेले डबे गिऱ्हाईक घेत नाही म्हणून ते आपण खायचो, आणि तू शाळेत सांगायचीस, आमच्याकडे रोज सगळं ताजं येतं. एकदा तुझी मैत्रीण जेवायला आली तेव्हा स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात कुजबुजलीस, की कचऱ्यात डबे वरच दिसतायत, खाली दडप. मी दडपले. मैत्रीण दोनदा वाढून घेऊन जेवली आणि तू ताटातलं चिवडत बसलीस.

तर आता नीट वाच. आधी फ्रीजचा वरचा कप्पा साफ कर. त्यात बर्फाचा डोंगर झालाय असं तूच कौतुकाने लिहिलं आहेस. फ्रीज बंद कर, दार उघडं ठेव, खाली जुना टॉवेल अंथर आणि बर्फ आपसूक सुटू दे. सुरीने खरवडू नकोस. तू घाईची आहेस, आतल्या नळीला भोक पाडशील आणि मग घरमालकाशी भांडत बसशील. जागा झाली की मटार, पालक, मक्याचे दाणे आण. पाकीट घेताना हलवून बघ, दाणे सुटे वाजले पाहिजेत. आत एकच दगड झाला असेल तर वाटेत माल वितळून पुन्हा गोठलाय, दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नकोस. गोड बोलणाऱ्यांच्या बाबतीत तुझं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मटार काढल्यावर काही तासांत गोठवतात. तुझ्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे चार दिवस सुकत पडलेल्या शेंगांपेक्षा त्यांच्यात जास्त जीव असतो. ते आधी वितळवायचे नाहीत आणि पाण्यात रटरट उकळायचेही नाहीत. थोड्या तेलावर कांदा-लसूण परत, मटार थेट पाकिटातून टाक, आच मोठी ठेव, झाकण नको. हिरवेगार दिसले की उतरव. पालक मात्र वितळवून मुठीत पिळून घे, आणि घट्ट पिळ. तुझं पिळणं मला माहीत आहे, कपडेसुद्धा दोरीवर टपटपतच टाकायचीस. पालक परतून त्यावर दोन अंडी फोड, झाकण ठेव, पांढरं घट्ट झालं की जेवण तयार. ओट्यापाशी उभी राहून भांड्यातून खाऊ नकोस. ताट घे आणि बस.

डब्यांचं तुला तुझ्या नवऱ्याने शिकवलं असेल अशी माझी समजूत होती. पण लग्नाचं वर्षही उलटलं नाही तोवर त्याने तुझ्याशी डब्यांबद्दल काय, कशाबद्दलच बोलायचं सोडलं, हे तुझंच रडणं. पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा गोठवलेल्या मालाच्या गाडीवर विक्रेता होता. तू गल्ल्यावर होतीस, केस मोकळे सोडून. तुला वाटलं तो तुझ्याकडे बघतोय. मी मागच्या फळीपाशी उभी राहून त्याची नजर बघत होते. तो तुझ्या डोक्यावरून फळ्या बघत होता, माल कसा लावलाय, जागा कुठे फुकट जाते. मी तुला त्याच दिवशी सांगितलं, की ह्याला दुकान हवंय, तू त्याबरोबर फुकट मिळणारी पिशवी आहेस. तू माझ्याशी अबोला धरलास, जेवण टाकलंस, बाबांच्या गळ्यात पडून लग्न करून घेतलंस आणि त्याला दुकानात कामालाही लावलंस. आता पत्रात लिहितेस, की आई, तुझंच खरं ठरलं. माझं खरं ठरावं म्हणून मी बोललेच नव्हते. आणि तू कबूल केलंस म्हणून मला आता आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्यात का?

असो. चेपलेला डबा चालतो, पण तो मधे, पोटाला चेपलेला. कडेच्या शिवणीवर चेपला असेल, गंजला असेल किंवा फुगला असेल तर टाकून दे, चाखूनसुद्धा बघू नकोस. राजमा, चणे असले डबे उघडलेस की चाळणीत ओतून नळाखाली धू, बरंच मीठ निघून जातं. टोमॅटोच्या डब्यावरचं बारीक छापलेलं वाच. दिवसभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस, संध्याकाळी स्वतः वाच. साखर, मीठ घातलेला घेऊ नकोस. टोमॅटो, धुतलेला राजमा, मूठभर मका, लसूण, वर मिरपूड, हे सगळं एका पातेल्यात मंद आचेवर ठेवून तू केस धुऊन ये, तोवर दोन वेळचं होतं. उरलेलं डब्यातच ठेवू नकोस, काचेच्या भांड्यात काढ. लहान मासे डब्यात येतात ते पाण्यातले घे. त्यांचे काटे शिजून मऊ झालेले असतात, काट्यांसकट खा. तुझ्या वयापासून हाडांची काळजी घ्यावी लागते, आणि पुढे तुला उठवायला बसवायला कुणी असेल असं काही दिसत नाही. फळं पाकातली नकोत, रसातली घे. गोठवलेला मासा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ताटलीत ठेव, हळूहळू वितळू दे, आणि एकदा वितळलेला परत गोठवू नकोस. हे मी माशाबद्दल लिहितेय. प्रत्येक वाक्यात स्वतःला शोधत बसायची तुझी सवय सोड.

तू गेल्या तिन्ही पत्रांत विचारलंस, की तुझ्या नवऱ्याला दुकानातून काढलं ना. मी तिन्ही वेळा पावसापाण्याचं लिहिलं. आज सरळ लिहिते. काढलेलं नाही. तो समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईबरोबर राहतो हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. तू रडत घर सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला, शटर वर केलं, माल उतरवून घेतला. मी त्याला चहा दिला. तुझ्या बाबांचा उजवा हात आता कामातून गेलाय, डबा धरतात आणि तो सुटतो. परवा गिऱ्हाइकासमोर सुटला, तेव्हा तुझ्या नवऱ्याने उचलला आणि फळीवर ठेवला. बाबा आत येऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मी एकटी दुकान चालवू शकत नाही. तू चालवशील असं म्हणशील, पण तुला दुकानाचा वासही सहन होत नव्हता, आणि तुझ्या पत्रात घरी येऊन झोपायचं आहे, रडायचं आहे, माझ्या हातचं खायचं आहे. काम करायचं आहे असं कुठेच नाही. मी दोनदा वाचलं.

तो वाईट नवरा आहे. दुकानदार मात्र सोन्यासारखा आहे. तुझी बाजू घेऊन मी त्याला हाकललं असतं तर चार लोकांनी मला शाबासकी दिली असती आणि वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं असतं. मग बाबा कुठे बसले असते? तुझ्या त्या एका खोलीत, बर्फाच्या डोंगराशेजारी? मला तुझी आठवण येते. गल्ल्यावर बसलं की येते, तुझे मोकळे केस त्या खुर्चीच्या पाठीवर अजून दिसतात. आठवणीने घर चालत नाही, म्हणून ती बाजूला ठेवून मी हे लिहितेय.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ नकोस. तुझी खोली रिकामी नाही. त्या बाईला दिवस गेलेत, तिला त्यांच्या तिसऱ्या मजल्याचे जिने चढवत नाहीत, म्हणून तो म्हणाला की वरची खोली द्या, नाहीतर मी दुसरीकडे काम बघतो. मी खोली दिली. बाबांनी नाही म्हटलं, मी त्यांचं ऐकलं नाही. या रविवारी ते दोघं राहायला येतात. तिला ओकाऱ्या होतात, स्वयंपाकाचा वास चालत नाही, तरी मी करून पाठवलेलं ते पालक-अंडं आणि ते राजम्याचं तिच्या पोटात टिकलं, म्हणून तुला खात्रीने लिहिलंय. माल पोचवणारी गाडी उद्या तुझ्या गावावरून जाते, गाडीवाल्याबरोबर तीन खोकी पाठवतेय. पहिल्यात बर्फात बांधलेली पाकिटं आहेत, दुसऱ्यात डबे आहेत, यावेळी एकही चेपलेला नाही. तिसऱ्यात खायचं काही नाही. तुझे कपडे, पुस्तकं, कपाटावरची बाहुली, भिंतीवरचा आरसा चादरीत गुंडाळून, असं त्या खोलीतलं तुझं म्हणून जे होतं ते सगळं आहे. गाडीवाल्यासमोर रडू नकोस, तो इथे येऊन सगळं सांगत सुटतो. तो गेला की दार लावून घे, आणि आधी पहिलं खोकं उघडून माल फ्रीजमध्ये लाव. तिसरं नंतर उघडलंस तरी चालेल, त्यातलं काही नासणारं नाही.

आधी या घरची आणि मग तुझीच,
आई