मागच्या फाळक्यावरची अक्षरं

५ ऑक्टोबर, रविवार
"बाळ, तू रंग नुसते बघत जा." सातवीत चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या. मी आज्ञाधारक. चौतीस वर्षं नुसते बघितले.
आज इंदापूर रस्त्यावर दत्तोबा पेंटरच्या शेडात गेले. उसाचा सीझन तोंडावर, दारात ट्रॉल्याच ट्रॉल्या. विचारलं — अक्षरं रंगवायला शिकवाल का? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे.
"तुमी कॉलेजच्या लायब्ररीतल्या मॅडम ना? मग पुस्तकं सोडून हितं कशाला?"
मी पर्स खाली ठेवून बाह्या सरसावल्या. त्यांनी ब्रश दिला!

८ ऑक्टोबर
पत्र्याच्या तुकड्यावर चाळीस 'क' काढले. एकाचा एकाशी संबंध नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
"मॅडम, ब्रश धरलाय का पाल?" — दत्तोबा.
"आपलं गेट चार वर्षं गंजतंय, ते रंगव की!" — नवरा.
गेटवर अक्षरं नसतात, दीपक.

२६ ऑक्टोबर, रविवार
आज खरी ट्रॉली! मानसिंगरावांची, लालभडक. मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडणाऱ्या पत्र्यावर, पांढऱ्या रंगात 'आईची कृपा' लिहायचं. "घ्या, करा," म्हणून दत्तोबा चहाला गेले.
तीन तास लागले. 'आ' म्हशीसारखा बसला. 'कृपा' उतारावर निघाली. दत्तोबांनी परत येऊन मान तिरकी करून बघितलं.
"ऱ्हाऊ द्या. उद्या न्हेत्याल ते."
चालत घरी आले. नखांत पांढरा रंग. काढला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सोमेश्वरनगरला लग्न होतं. येताना कारखान्याजवळच्या टपरीपाशी रिकामी ट्रॉली उभी — माझी! दीपकला गाडी थांबवायला लावली. अक्षरं कशी ठसठशीत, एका ओळीत!
"हे तू केलंस? खरंच?" त्याने फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. एकवीस अंगठे, दोन पुष्पगुच्छ.
रंग वाळला की अक्षरं आपोआप सुधारत असतील, असं मला तासभर खरंच वाटलं.

१० नोव्हेंबर
फोटो मोठा करून पाहिला. लाल रंगाच्या नव्या हाताखाली माझा 'आ' पुसट दिसतोय. बसलेला. दत्तोबांना फोन केला.
"व्हय मॅडम, मीच केलं पुन्यांदा. तुमाला वाईट वाटू नये म्हनून बोललो न्हाय."
ग्रुपवर खरं लिहून टाकलं. दीपक म्हणतो, "कशाला सांगितलंस!"
उद्या शेडात जाऊन विचारणार आहे. अक्षरांखाली पेंटर म्हणून नाव त्यांचं असतं, गिऱ्हाईक त्यांचं. 'न्हाय' म्हणतील, माहीत आहे. तरी —
दत्तोबा, एक तरी ट्रॉली माझ्या वाकड्या अक्षरांनिशी जाऊ द्याल?