दाजीला सोडायचा न्हाई

२ जानेवारी, चाकण
दाजीला सोडायचा न्हाई. पक्कं.
बजरंगदादाला अडतिसाव्या वर्षी आतड्याचा कॅन्सर निघाला. लातूरचा डॉक्टर म्हणला, सख्ख्या भावानं दहा वर्षं आधीच दुर्बीण घालून तपासावं. मी अठ्ठावीसचाच हाय. ही घरातली गोष्ट. आक्काच्या नवऱ्यानं, ह्या आनंदराज दाजीनं, मुरुडच्या लग्नात भर पंगतीत सांगितली. म्हणला, आमच्या मेव्हण्याच्या मागून कॅमेरा जाणार हाय, भात जरा कमी वाढा. समद्या पोरी हसल्या. मला दाखवायला आणलेली बी हसली.

५ जानेवारी
दादाचा फोन. सुदर्शन, तपासून घे रे. म्हणलं, मला काय झालंय? दुखत न्हाई, रक्त न्हाई, भजी पचून राहिली. दादा म्हणला, मलाबी काईच होत न्हवतं, व्हायला लागलं तवा उशीर झाला.
बघू. सध्या बदल्याचं काम हाय, टाइम न्हाई.

१० जानेवारी
आयडिया. दाजीच्या नांदेडला शिबिर हाय. पन्नाशीच्या लोकांना संडास तपासायची डबी फुकट. डोळ्याला न दिसणारं रक्त बी सापडतं म्हणं. फोन करून दाजीचं नाव दिलं. म्हणलं, पेशंट लई लाजतो, डबी दुकानात नेऊन द्या, गिऱ्हाईक असताना. अन् मोठ्यानं बोला, ऐकायला कमी येतं.

१३ जानेवारी
फत्ते. दाजीचं साड्यांचं दुकान, संक्रांतीची गर्दी, अन् नर्सबाई दारातून ओरडली, आनंदराज कोण, संडासाची डबी आणलीय. आक्कानंच सांगितलं. दाजी म्हणला, मला काय झालंय? बाया म्हणल्या, घ्या की, भ्यालाव का? इज्जतीपायी डबी भरून दिली.
मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

२२ जानेवारी
डबीत रक्त निघालं. आता कॅमेरा कुणाच्या मागून? स्टेटस टाकणार होतो. नेटवर्क न्हवतं.
आक्का फोनवर रडली. रात्री जेवलो न्हाई. भाजी खराब होती.

३० जानेवारी
दाजीच्या आतड्यात गाठ निघाली, बोराएवढी. दुर्बिणीतूनच काढली. कॅन्सर न्हवता. डॉक्टर म्हणला, तशीच ऱ्हायली असती तर झाला असता कदाचित.
आक्कानं विचारलं, नाव कुणी दिलं रे? सांगितलं. शिव्यांची तयारी ठेवली. दाजी रडायला लागला. म्हणला, मेव्हणे, देवासारखे धावून आलाव.
एवढा बदला, पार वाया गेला.

८ फेब्रुवारी, नांदेड
दाजी गाडी घेऊन चाकणला आले अन् मला उचलूनच आणलं. उद्या माझी दुर्बीण. जुलाबाचं औषध पिऊन राहिलो. हे संडासातूनच लिहितोय. बाहेर दाजी खुर्ची टाकून बसलेत. मेव्हणे, पाणी साफ आलं का? न्हाई? मग अजून एक गिलास घ्या. आख्ख्या गल्लीला ऐकू जातंय.
म्हणलं, मला काय झालंय? म्हणले, मीबी हेच म्हणलो होतो.
वहीचं पहिलं पान काढून वाचलं.
दाजीला सोडायचा न्हाई, असं लिहिलं होतं. मगाशी ते चहाला उठले, तर मीच आतून हाक मारली. दाजी, जाऊ नका.